भाभींच्या नावाने आलेली उत्तरं

चिंचवडच्या ज्या दवाखान्यात मला पहिली नोकरी लागली, तिथे माझं मुख्य काम मेसेज पाठवण्याचं होतं. गावाकडे वडील लोकांना सांगायचे, "पोरगी पुण्याकडं डॉक्टरांच्या हाताखाली आहे. कुणी काय खायचं ते ती ठरवते." ते अगदीच खोटं नव्हतं. आहारशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, आमच्या घरातली पहिलीच पदवी. वडील बाजार समितीत हमाल, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणारी. मी कॉलेजात शिकले, ते शाळेतल्या एका बाईंनी स्वतः फॉर्म भरून दिला आणि वसतिगृहात जागा मिळवून दिली म्हणून. नोकरी लागली ती डॉक्टर मॅडममुळे. मुलाखतीत इंग्रजी बोलता बोलता मी अडखळले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मराठीत सांग. पेशंट मराठीतच बोलतात." त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून दोष त्यांचा आहे असं कुणाला वाटू नये.

दवाखाना एका संस्थेचा. चाकणच्या एका कंपनीच्या मदतीतून तिथे 'वजन गट' चालायचा. वीस बायका दर बुधवारी दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावर जमायच्या. खुर्च्या गोल मांडलेल्या असायच्या, कोपऱ्यात वजनकाटा. कुणाला साखर होती, कुणाचे गुडघे गेले होते, आणि पाच-सहा जणींचं ऑपरेशन वजनापायी अडून होतं. वर्षातून दोनदा बाहेरून सर्जन येऊन संस्थेतर्फे ऑपरेशनं करायचे, एकदा जानेवारीअखेर आणि एकदा गणपतीनंतर. वजन उतरलं तर यादीत नाव लागायचं.

भाभी त्या पाच-सहा जणींतल्या. गटातल्या सगळ्या त्यांना भाभी म्हणायच्या, मग मीही म्हणू लागले. मूळच्या जालन्याकडच्या. थेरगावात राहायच्या आणि डांगे चौकाजवळच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायच्या, सकाळी शंभर-सव्वाशे, संध्याकाळी तेवढ्याच. नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज होतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर भाभींना बेंबीपाशी हर्निया झाला होता. उभं राहिलं की लिंबाएवढा गोळा बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. परातीत कणीक मळताना त्या मध्येच थांबून तो तळहाताने दाबून धरायच्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्यासमोर त्यांना समजावलं होतं. पोटावर एवढी चरबी असताना शिवलं तर टाके धरत नाहीत, सात-आठ किलो उतरवा, मग करू. पण फार दिवस काढूही नका. आतडं त्यात अडकलं तर त्याच दिवशी पोट उघडावं लागतं, आणि ते ऑपरेशन सोपं नसतं.

बुधवार ते बुधवार आठवडा मोठा असतो. मधल्या दिवसांत बायकांना धीर राहावा म्हणून मेसेज. सकाळी सातला जायचा, 'काल किती मिनिटं चाललात?' दुपारी एकला, 'आज ताटात काय होतं?' आणि संध्याकाळी सातला, 'रात्रीचं जेवण आठच्या आत होणार ना?' उत्तर आलं की माझ्या कॉम्प्युटरवर त्या बाईच्या नावापुढचा चौकोन हिरवा व्हायचा. दिवस संपेपर्यंत आलं नाही तर लाल. वीस नावं, वीस ओळी. शिवाय आठवड्यातून एकदा प्रत्येकीला मी स्वतः फोन करायचा आणि 'प्रत्यक्ष बोलणं झालं' या रकान्यात खूण करून महिन्याच्या शेवटी खाली सही करायची.

पहिल्या बुधवारी नियम मीच वाचून दाखवला होता. सलग तीन दिवस उत्तर आलं नाही तर नाव कमी होईल, बाहेर बऱ्याच जणी थांबल्या आहेत. शाळेत प्रतिज्ञा म्हणायचे तशा खणखणीत आवाजात मी तो वाचला. भाभींचे मिस्टर त्या दिवशी त्यांना सोडायला आले होते आणि दाराशी उभे होते. फॉर्मवरचा मोबाईल नंबर त्यांनीच सांगितला, मी लिहून घेतला. नंबर कुणाचा, हे विचारायला फॉर्ममध्ये जागा नव्हती, आणि मलाही सुचलं नाही.

गटात चिंचवड गावठाणातल्या एक मावशी होत्या. घरी दोन म्हशी, तोंड फटकळ. नियम ऐकून त्या म्हणाल्या, "व्हय गं पोरी, आमी काय खातो ते तुला रोज कळवायचं. आन तू काय खाती ते आमाला कवा कळवणार?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं. मी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून, राहत होते आणि बहुतेक रात्री वडापाववर भागवत होते.

"मावशी, उत्तर दिलं नाही तर नाव जाईल हां."

"जाऊ दे की. माझं नाव रेशनकार्डावर हाय."

मावशींनी शेवटपर्यंत एकही उत्तर दिलं नाही. त्यांच्याकडे स्वतःचा फोन होता, त्यावर त्या कीर्तन बघायच्या. त्यांची ओळ डावीकडून उजवीकडे लालच लाल. मी मॅडमना विचारलं, नाव कमी करू का? मॅडम म्हणाल्या, "वजन उतरतंय ना तिचं? मग राहू दे. नियम आपण धाक म्हणून ठेवलाय." तो धाक कुणाच्या घरात जाऊन बसला आहे, हे तेव्हा आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

भाभींची ओळ मात्र हिरवीगार. तिन्ही मेसेजना उत्तर, रोज, रविवारीसुद्धा. '४० मिनिटं चालले.' 'दीड भाकरी, मेथी, काकडी, ताक.' 'हो, साडेसातला जेवते.' मला त्या ओळीचा अभिमान वाटायचा. कंपनीची माणसं बघायला आली तेव्हा मॅडमनी पडद्यावर तीच ओळ दाखवली आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ही आमची मुलगी सगळं सांभाळते." मी वडिलांना फोन करून ते सांगितलं. वडिलांनी ते गावभर केलं.

वजन मात्र हलत नव्हतं. पहिल्या महिन्यात एक्याऐंशी, दुसऱ्यात एक्याऐंशीच्या किंचित वर, तिसऱ्यात पुन्हा तेवढंच. भाभी बुधवारी उशिरा यायच्या, मागच्या खुर्चीवर बसायच्या आणि साडेचारला उठायच्या, कारण पाचला मेसची कणीक मळायची असायची. मी वीस जणींना एकदमच विचारायचे, "मेसेज मिळतात ना सगळ्यांना?" सगळ्या एकदमच म्हणायच्या, "हो, मिळतात." त्यात त्यांचाही आवाज असायचा का, हे मी कधी ऐकलं नाही. आठवड्याच्या फोनला त्यांचे मिस्टर उचलायचे. "ती कामावर गेली मॅडम. सगळं बरोबर चाललंय, मीच सांगतो ना तुम्हाला." मी खूण करायचे. दिवसाला तीन उत्तरं देणाऱ्या बाईशी फोनवर बोलायची काय गरज, असं मला वाटायचं.

जानेवारीत यादी ठरवायला सर्जन आले. टेबलावर माझी शीट आणि वजनाचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला होता. सर्जन बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले.

"ही बाई लिहिते तेवढंच खाते आणि रोज चाळीस मिनिटं चालते, तर तीन महिन्यांत पाच किलो उतरायला हवं. इथे पावकिलो नाही. थायरॉइड?"

"नॉर्मल आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग खोटं सांगते. जी रोज तीनदा खोटं सांगते ती ऑपरेशननंतर काय पाळणार?"

त्याच यादीत दुसरी एक बाई होती. तिचं फक्त दोन किलो उतरलं होतं, पण ती सरळ लिहायची, 'आज लग्नात जिलेबी खाल्ली', 'पाय दुखत होते, चालले नाही.' सर्जन म्हणाले, निदान खरं बोलते, हिला घेऊ. भाभींच्या फाइलवर शेरा आला, 'सूचना पाळत नाही, खरी माहिती देत नाही.' तो मीच टाइप केला.

बुधवारी मी त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं.

"माझं काय चुकलं, मॅडम?"

"भाभी, तुम्ही खरं सांगायला हवं होतं."

"मी कधी खोटं बोलले तुमच्याशी?"

त्यांनी हे इतक्या शांतपणे विचारलं की मला रागच आला. एवढी हिरवी ओळ, एवढं कौतुक, आणि शेवटी माझीच फसवणूक, असं मला वाटत होतं. मी त्यांना उत्तर न देता पुढच्या बाईचं वजन घ्यायला गेले. त्यांना यादीतून काढलं तरी गटातून काढलं नव्हतं, एवढं मात्र सांगितलं, तेही उपकार केल्यासारखं.

पुढे रमजान लागला. गटात भाभींखेरीज आणखी एक मुस्लिम ताई होत्या. पहिल्या दिवशी दुपारच्या मेसेजला त्यांचं उत्तर आलं, 'रोजा आहे.' मला एकदम कळलं की हा विचार मी आधी करायला हवा होता. उपवासात साखरेच्या गोळ्या, पहाटेचं खाणं, सगळं वेगळं सांगावं लागतं. मी मेसेज बदलायला बसले, तर तेवढ्यात भाभींचा चौकोन हिरवा झाला. 'एक भाकरी, भेंडी, काकडी, ताक.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मेथी. मला वाटलं, तब्येतीमुळे रोजे धरत नसतील. बुधवारी त्या वजनकाट्यावर चढल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "भाभी, यंदा रोजे नाही धरले?"

"धरले की. एक सोडत नाही मी. लेकरं पोटात होती तेवढेच सुटले, तेही नंतर भरून काढले."

"मग दुपारी जेवता ते?"

त्या काट्यावर उभ्याच होत्या. माझ्याकडे बघून हसल्या, चेष्टा करतेय असं समजून. "रोजात दुपारी कोण जेवतं, मॅडम?"

"तुम्ही मेसेज पाठवता ना, ताटात काय होतं त्याचा."

"कोणता मेसेज?"

त्या दिवशी गट संपल्यावर मी थेरगावला त्यांच्या मिस्टरांच्या गॅरेजवर गेले. ते एका स्कूटरचं इंजिन खोलून बसले होते. मला बघून उठले, हात पुसले, स्टूल दिलं. भिंतीवर, जिथे नट खोलायचे पाने अडकवलेले होते त्याच्या वर, भाभींना मी दिलेला आहाराचा तक्ता त्यांनी चिकटवला होता. वर पारदर्शक चिकटपट्टी, काळे डाग पडू नयेत म्हणून.

"मेसेजला उत्तर तुम्ही देता?"

"हो मॅडम. एक दिवस नागा नाही केला," ते अभिमानानेच म्हणाले. "हात कसेही असू दे, सात, एक, सात. फोन वाजला की पहिलं तुमचं काम. गिऱ्हाईक उभं असलं तरी."

"पण काय खाल्लं ते तुम्हाला कसं कळतं?"

त्यांनी तक्त्याकडे बोट केलं. "सोमवारी मेथी, मंगळवारी भेंडी. तुम्हीच लिहून दिलंय ना. त्यातलंच टाकतो."

"आणि त्या खरंच काय खातात?"

त्यांनी पुन्हा हात पुसले. मग म्हणाले, "ती पहाटे जाते, मी इथं. फोन घरात एकच, गॅरेजचा. तुम्ही बोललात ना, तीन दिवस उत्तर नाही आलं तर नाव जाईल. मी ऐकलं होतं दारात. नाव नको जायला तिचं. बाकी ती तुमच्याकडे येते बुधवारी, तुम्ही सांगत असालच."

माझा तक्ता माझ्याकडेच परत येत होता आणि मी त्याला हिरवा रंग देत होते.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाटलं ते सांगते. आमच्या घरातही फोन एकच होता, वडिलांचा. आईला काही सांगायचं तर मी ते वडिलांना सांगायचे, आणि संध्याकाळी तिच्यापर्यंत त्यातलं अर्धंच पोचायचं. वसतिगृहातून मी आईला कितीतरी वेळा कळवलं होतं, दुपारी उन्हात थांबू नको, डोळे दाखवून घे. सुट्टीत घरी गेले की कळायचं, तिला यातलं काहीच माहीत नाही. असल्या घरातून आलेली मुलगी मी. दुसऱ्या कुणाच्या नाही तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं की बाईच्या नावापुढचा नंबर बाईचा नसतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनच्या दाराशी उभी राहिले. त्या ओपीडीला निघाल्या होत्या.

"मॅडम, यादीतून ज्यांची नावं गेली, त्यांच्यातल्या एखादीच्या नोंदीत चूक असली तर?"

"कसली चूक?"

"म्हणजे... माहिती तिने दिलेली नसली तर."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "लेखी दे. काय चुकलं, कुणाकडून चुकलं, दोन ओळी. खरंच तसं असेल तर सर्जन मध्येच एक दिवस काढून घेतील तिला. अडवून नाही ठेवायचे."

दोन ओळी. मी टाइप करायला बसले. 'सदर उत्तरे रुग्णाने दिलेली नसून तिच्या पतीने दिलेली आहेत.' इथपर्यंत सोपं होतं. कुणाकडून चुकलं, ही दुसरी ओळ. चार महिने 'प्रत्यक्ष बोलणं झालं' या रकान्यात माझ्या खुणा होत्या, प्रत्येक महिन्याखाली माझी सही होती. मार्चअखेर कंपनीला अहवाल जायचा होता आणि माझी वर्षाची मुदतही तेव्हाच संपत होती. मॅडम रागावल्या असत्या का? माहीत नाही. कदाचित नसत्या. पण त्यांनी ज्या मुलीकडे हात करून "ही सगळं सांभाळते" म्हटलं होतं, ती मुलगी मला त्यांच्या नजरेतून उतरलेली बघवत नव्हती. लोक म्हणतात, गरिबाला नोकरी जायची भीती असते. ती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती की ज्यांनी वर आणलं त्यांना आपली निवड चुकली असं वाटेल. ती ओळ मी लिहिली नाही. अहवाल झाला की लिहू, असं ठरवलं. अहवालात भाभींची ओळ हिरवीच गेली. माझी मुदत वाढली.

भाभींना उत्तरांबद्दल काही न सांगता, पाप फेडावं तशी मी मग कामाला लागले. रमजान संपल्यावर रोज चार वाजता, मेसमध्ये कणीक मळायच्या आधी, मी भाभींकडे जाऊ लागले. दवाखान्यातून सुटायची परवानगी 'गृहभेटी' म्हणून घेतली. तिथे पहिल्यांदा मला कळलं की त्या दिवसभरात ताट असं घेतच नाहीत. तव्यावरची पहिली पोळी बिघडते ती त्यांची, शेवटच्या गोळ्याची जाड पोळी तीही त्यांची. सोबत साखर नाहीतर चहा. सहा तास भट्टीसमोर उभं राहायचं तर चहा लागतोच, दर तासाला, मेसवाल्याचा गोड. पोटभर जेवण असं नाही, आणि उपाशीही कधी नाही. माझ्या तक्त्यात या खाण्याला रकानाच नव्हता.

आम्ही दोघींनी मिळून चहा निम्मा केला, बिनसाखरेचा केला. बिघडलेल्या पोळ्या बाजूला काढून घरी न्यायला सुरुवात केली. सकाळी कामाला बसण्याआधी त्या दोन उकडलेली अंडी खाऊ लागल्या. मेसवाला मला बघून म्हणायचा, "आल्या मास्तरीणबाई! आता आमच्या भाभींचा चहा बंद, उद्या माझा करतील." भाभी पोळीवरून लाटणं न उचलता म्हणायच्या, "तुमचा तर आधी करायला हवा, पोट बघा जरा."

मे संपेपर्यंत चार किलो उतरले. खरे चार किलो, काट्यावरचे. बुधवारी मॅडमनी आकडा बघितला आणि खूश होऊन माझ्याकडे वळल्या.

"बघ! यादीतून नाव काढल्यावर कशी सरळ झाली. काही जणींना असं कडकच वागावं लागतं."

भाभी काट्यावरून उतरून चप्पल घालत होत्या. त्यांनी ते ऐकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी वजन लिहून घेत होते.

तेव्हा मी बोलू शकले असते. पण मी मनाशी हिशोब मांडला होता. गणपतीनंतरची यादी आता तीन महिन्यांवर आहे, तोवर आणखी तीन किलो उतरतील, नाव आपोआप लागेल. मग जुनं उकरून कुणाला काय मिळणार?

जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, सकाळी दहा वाजता मेसमध्ये कणकेचं पातेलं उचलताना भाभींच्या पोटात कळ आली. गोळा बाहेर आला तो आत जाईना. त्यांनी अर्धा तास बसून दाबून पाहिलं, उरलेल्या पोळ्या लाटल्या, आणि मग उलट्या सुरू झाल्या. मेसवाल्यानेच रिक्षात घालून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आतडं अडकलं होतं. वीतभर काळं पडलेलं कापून काढावं लागलं. त्या वाचल्या, डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं होतं म्हणून थोडं सोपं गेलं. पण वर्षभर वजन उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. मेसला दुसऱ्या आठवड्यात दुसरी बाई आली. मेसवाल्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही, शंभर माणसं रोज दुपारी जेवायला बसतात.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांचे मिस्टर वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. नखांत ग्रीस नव्हतं, म्हणजे गॅरेज किती दिवस बंद होतं ते कळलं. मला जागा दिली.

"मॅडम, एक विचारू का? जानेवारीत नाव का काढलं होतं हो तिचं?"

इतके महिने त्यांनी हे विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. म्हणून मी सांगू लागले. "कागदावर दिसत होतं की भाभी सगळं पाळतात. तरी वजन उतरत नव्हतं. म्हणून सर्जनना वाटलं, त्या खोटं सांगतायत."

ते सावकाश म्हणाले, "म्हणजे माझ्या उत्तरांनी."

"नाही, तसं नाही..."

"मी गप्प बसलो असतो तर लाल झालं असतं. लाल झालं असतं तर तुम्ही विचारायला आला असता, का उत्तर नाही देत म्हणून."

त्यांचा हिशोब बरोबर होता. फक्त तो अर्धा होता. मार्चमध्ये मला कळलं होतं, आणि दोन ओळी लिहिल्या असत्या तर जूनच्या कितीतरी आधी हे ऑपरेशन सुटसुटीत झालं असतं, हा अर्धा त्यांना माहीत नव्हता. मी म्हणाले, "तुमच्या मनात काही वाईट नव्हतं." हे वाक्य ऐकायला मायेचं आहे. त्याने सगळं त्यांच्या पदरात टाकलं.

ते उठून आत गेले, मागोमाग मी. भाभी उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. ते पलंगाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांच्या घरातल्या बोलीत एका दमात सगळं बोलून गेले. उत्तरं त्यांनी दिली, म्हणून नाव गेलं, म्हणून हे झालं. बोलताना ते रडत होते. भाभी आधी ऐकत राहिल्या, मग त्यांना मध्येच हसू आलं.

"रोजों में भी मेरे को भेंडी खिलाए तुम?" त्यांनी पोटावर हात धरला. "हँसाव नक्को जी, टाके खिंचते."

ते हसले नाहीत. भाभींनी त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही सांगा ना यांना. शिकलेल्या आहात, तुमचं ऐकतील. यांची काही चूक नाही म्हणून सांगा."

मी म्हणाले, "खरंच, यांची काही चूक नाही."

शब्दाला शब्द खरं होतं ते. पुढे विचारायला हवं होतं, मग कुणाची. त्यांनी विचारलं नाही. भाभींनी मान हलवली, झालं म्हटल्यासारखी, आणि मला म्हणाल्या, "तुमचे लई उपकार आहेत, तुम्ही ते चार किलो उतरवले नसते तर..." मी त्यांना पुढे बोलू दिलं. थोडा वेळ थांबले, पेज किती आणि कधी द्यायची ते मिस्टरांना एका कागदावर लिहून दिलं, खाली माझा नंबर टाकला आणि निघाले.